ऐनवेळचे विषय

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधल्या वीस-पंचवीस विषयांवर नगरसेवक घसा कोरडा करतात, वार्ताहर टिपणं घेतात. चहा होऊन निम्मी माणसं उठून गेली की शेवटचा विषय निघतो. कुणाच्या गाळ्याची मुदतवाढ, कुणाचं थकलेलं बिल, कुठल्या गल्लीचं गटार आधी करायचं, हे सगळं तिथं दबा धरून बसलेलं असतं. एखाद्या नगराध्यक्षाची पारख करायची तर मी त्याच्या काळातल्या ऐनवेळच्या विषयांची यादी काढतो. भाषणं सगळ्यांची सारखीच असतात.

हे मी अधिकारानं सांगतो, कारण तो अजेंडा तयार करणारा आणि नंतर इतिवृत्त लिहिणारा माणूस मी होतो. जकात नाक्यावरचा कारकून म्हणून लागलो आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कृष्णाकाठचं ‘ब’ वर्गाचं गाव, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत. गावाचं नाव लिहीत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्यांची मुलं-नातवंडं गावात आहेत, आणि मलाही इथंच राहायचं आहे.

मोठ्या शहरात महापौर असतो, आमच्याकडे नगराध्यक्ष. पुण्या-नागपूरच्या महापौराला नगरसेवक आपल्यातून निवडतात. कारभाराचा लगाम आयुक्ताच्या हातात. नगराध्यक्षाचं तसं नाही. सध्याच्या कायद्याप्रमाणे त्याला सबंध गाव मत देतं. वॉर्डातल्या नगरसेवकांसाठी वेगळं मत आणि नगराध्यक्षासाठी वेगळं. तेवढ्या मतांवर निवडून येणारा दुसरा माणूस गावात नसतो. साहजिकच त्याला आपण गावचे राजे झालो असं वाटतं. पहिल्या आठवड्यात तो केबिनचा रंग बदलतो, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला समजतं की साध्या शिपायाची बदलीसुद्धा आपल्या सहीनं होत नाही.

कारण प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी. तो सरकारचा नोकर. मुंबईतून बदलून येतो, मुंबईला जबाबदार असतो, आणि गाव त्याच्या अंगाला लागायच्या आत दुसरीकडं जातो. नोटिसा, बिलं, कर्मचारी सगळं त्याच्याकडे. पैशाचे आणि धोरणाचे ठराव सभागृहाचे, म्हणजे ज्याच्याकडं नगरसेवक जास्त त्याचे. आणि झालेला ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी तो थांबवू शकतो. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातलं ते कलम ३०८. आमच्याकडं शाळा न शिकलेल्या नगरसेवकालाही हा आकडा पाठ असतो. “तीनशेआठ टाकीन” ही धमकी मी सभागृहात जितक्या वेळा ऐकली तितक्या वेळा राष्ट्रगीतही ऐकलं नसेल.

मग नगराध्यक्षाच्या हातात उरतं काय? सभा बोलावणं, विषय घेणं किंवा न घेणं, समसमान मतं पडली तर निर्णायक मत, स्थायी समितीचं अध्यक्षपद, कारभारावर देखरेख, आणि आणीबाणीच्या वेळी वापरायचा एक खास अधिकार. बाकी सगळं गोड बोलून.

ही खुर्ची कशी भरायची याबद्दलही सरकारचं कधी एकमत झालं नाही. १९७४ मध्ये पहिल्यांदा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला. मग ते बंद पडलं. २००१ मध्ये पुन्हा सुरू, २००६ मध्ये बंद, २०१६ मध्ये सुरू, २०२० मध्ये बंद, २०२२ मध्ये सुरू. प्रत्येक वेळी लोकशाहीचं कारण दिलं गेलं. माझं मत विचाराल तर ज्या पक्षाकडं गावोगावी मिरवायला एखादा चेहरा असतो त्याला थेट निवडणूक आवडते, आणि ज्याची माणसं वॉर्डावॉर्डात मुरलेली असतात त्याला नगरसेवकांतून निवडलेला बरा वाटतो. नगरसेवकांतून निवड असली की सहलीच्या बसगाड्या निघतात. नगरसेवक गोवा बघून मतदानाच्या सकाळी थेट सभागृहाच्या पायरीवर उतरतात. थेट निवडणुकीत बसगाड्या वाचतात, पण दुसरंच लफडं होतं. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं.

आमच्या गावात २००१ च्या निवडणुकीत नेमकं हेच झालं. म्हणून त्या पाच वर्षांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

नगराध्यक्षपदाची आरक्षणं मंत्रालयात चिठ्ठ्या टाकून निघतात. १९९३ ला लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या. राज्यानं त्या पुढं, २०११ मध्ये, निम्म्या केल्या. आमची चिठ्ठी २००१ मध्ये महिला म्हणून निघाली. गावात पिठाची गिरणी आणि मिरची कांडप चालवणारं एक जोडपं होतं. नवरा आधी नगरसेवक होता, त्या वर्षी अध्यक्षपदावर डोळा ठेवून होता. चिठ्ठी निघाल्यावर त्यानं बायकोचा अर्ज भरला. सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. गिरणीत दळण घेऊन रांगेत उभी राहिलेली प्रत्येक बाई तिच्या ओळखीची. समोरची उमेदवार वजनदार होती, वहिनी मात्र आरामात निवडून आल्या. सभागृहात त्यांचे नगरसेवक निम्म्याहूनही कमी.

पहिले काही महिने नवराच कारभार करायचा. फायली घरी मागवायचा. अशा माणसाला आमच्या भागात चेष्टेनं ‘अध्यक्षपती’ म्हणतात. मी फायली घरी पाठवत नव्हतो, पाठवता येत नाहीत, पण मुख्याधिकारी पाठवायचे; त्यांनाही दिवस काढायचे होते. हे बदललं ते एका साध्या गोष्टीवरून. सभेत विरोधी गटनेत्यानं वहिनींना विचारलं, “अध्यक्ष महोदया, पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती थकलंय, सांगता का?” नवरा प्रेक्षकांत बसला होता. त्यानं खुणा केल्या, त्या वहिनींना कळल्या नाहीत. सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या कार्यालयात आल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, मला वीजबिल वाचायला शिकवा.”

गिरणीवाल्या बाईला वीजबिल शिकवायचं म्हणजे खरं तर गंमतच. स्थिर आकार, मागणी, दंड हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. अडचण नगरपालिकेच्या भाषेची होती. टिपणी म्हणजे काय, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यांत आधी कुठली, लेखाशीर्ष म्हणजे काय. हे सगळं त्या गिरणीच्या जमाखर्चाशी जोडून समजून घ्यायच्या. महिनाभरात त्या नदीवरच्या जॅकवेलपाशी गेल्या, पंप किती अश्वशक्तीचे आणि किती तास चालतात ते वहीत लिहून आल्या. नवऱ्यानं पुन्हा गिरणीत लक्ष घातलं. घरात काय झालं ते मला माहीत नाही.

नगराध्यक्षाचा दिवस कसा असतो हे बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. पहाटे साडेपाचला पहिला फोन पाण्याचा. व्हॉल्व्हमननं आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उशिरा सोडला. सातला दाराशी माणसं. एकाला रहिवासी दाखला, एकाला गटार तुंबल्याची तक्रार, एकाला मेलेलं डुक्कर उचलायला घंटागाडी. एकाला रेशनकार्ड, जे नगरपालिकेचं कामच नव्हे, तहसीलचं; पण तसं सांगितलं की मत गेलं, म्हणून तहसीलदाराला फोन. वैशाखात एका दिवशी सात-आठ लग्नं, प्रत्येक ठिकाणी अक्षता टाकून दोन मिनिटं बोलायचं. कुणी गेलं तर स्मशानात, तिसऱ्या दिवशी सावडायला, दहाव्याला घाटावर. वहिनींच्या आधी बाई अध्यक्ष घाटावर जाताना गावानं पाहिली नव्हती. त्या गेल्या, बाजूला उभ्या राहिल्या, कुणी काही बोललं नाही. दिवाळीच्या तोंडावर सफाई कामगारांचं सानुग्रह अनुदान, आणि लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे निवृत्त कामगारांच्या वारसांना नोकरी, ही दोन प्रकरणं दर वर्षी पेटायची. या सगळ्यातून दुपारी दोन तास मिळाले तर कारभार.

आता सभेबद्दल. बहुमत विरोधकांकडं असलं की सभेत ठराव एक होतो आणि इतिवृत्तात दुसराच दिसतो, अशी तक्रार हमखास येते. कारण इतिवृत्तावर सही अध्यक्षाची. कित्येक नगरपालिकांत पूर्वी प्रोसिडिंग बुकात चार पानं कोरी सोडायची पद्धत होती. सभा झाल्यावर चर्चेनं काय ते लिहायचं. महाराष्ट्रातल्या निम्म्या नगरपालिकांचा इतिहास त्या कोऱ्या पानांवर लिहिला गेला असावा असं मी थट्टेनं म्हणतो, आणि फारसं कुणी हरकत घेत नाही. वहिनींनी मला सांगितलं, सभा चालू असतानाच ठराव लिहा, सूचक-अनुमोदकाचं नाव तिथंच विचारा, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा. सभा दुप्पट लांबल्या. विरोधक वैतागले, वहिनींचे स्वतःचे नगरसेवक जास्त वैतागले. कोऱ्या पानाची सोय दोघांनाही होती.

ठरावाचं मोल किती आणि किती नाही, हे महाडइतकं स्पष्ट कुठंच दिसत नाही. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्याला पहिल्यांदा अर्थ आला. पालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या बाजूनं उभे होते. पण अध्यक्ष बाजूनं असणं आणि सभागृह बाजूनं असणं यांत अंतर असतं. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. तळं नगरपालिकेच्या मालकीचं आहे, हा त्या निकालातला एक आधार. आम्हा कारकुनांच्या कामातलं सगळं त्यात आहे : ठराव, मालकी, फेरठराव, कोर्ट. टिपणीसांसारखा अध्यक्ष एकटा पडतो तेव्हा त्याच्यापाशी काय उरतं, हेही आहे.

वहिनींचा प्रश्न इतका मोठा नव्हता. त्यांचा प्रश्न चार दिवसांआड येणारं पाणी. नदी गावाला लागून, आणि नळाला पाणी चार दिवसांनी. कारण जुनी जलवाहिनी गळकी, शुद्धीकरण केंद्र अपुरं, आणि वीजबिल भरायला पैसे नाहीत. पैसे का नाहीत याचं एक उत्तर माझ्या पहिल्या नोकरीत आहे. जकात. नाक्यावर ट्रक थांबायचे, पावत्या फाडल्या जायच्या, संध्याकाळी रोकड तिजोरीत. जकातीत चोरी होती, नाकेवाल्यांनी घरं बांधली, हे सगळं खरं. तरी ते गावाचं स्वतःचं उत्पन्न होतं. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं. तेव्हापासून पगाराचं अनुदान कधी जमा होतं ते बघत बसायचं. घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी एवढंच हातात उरलं. अध्यक्ष मुंबईच्या वाऱ्या का करतात असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हे.

२००५ चा महापूर आला तेव्हा जुलैअखेर कृष्णेनं घाट ओलांडला, जॅकवेलची मोटारघरं पाण्यात गेली आणि पूर आलेल्या गावात प्यायला पाणी नाही अशी गत झाली. निविदा मागवायला वेळ नव्हता. मुख्याधिकारी नियमाला घाबरत होते, आणि त्यांचं घाबरणं चूक नव्हतं. पुढं लेखापरीक्षणात उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. तेव्हा मी वहिनींना कायद्याचं कलम ५८ (२) वाचून दाखवलं. तातडीच्या प्रसंगी लोकांच्या सुरक्षिततेसाठी काम करून घ्यायचा आदेश अध्यक्ष देऊ शकतो. त्यांनी दोनदा वाचलं, “म्हणजे उद्या विचारलं तर मी?” असं विचारलं, आणि सही केली. क्रेन आणून मोटारी वर काढल्या, खासगी टँकर लावले, शाळांमधल्या निर्वासितांसाठी टीसीएल पावडर आणि तुरटी जास्तीची मागवली. पूर ओसरल्यावर पहिल्याच सभेत विरोधकांनी टँकरच्या खेपांचा हिशेब मागितला. तो मागणंही बरोबरच होतं. हिशेब गिरणीच्या वहीसारखा एका रेघेत उभा होता, खेप, गल्ली, वेळ, आणि तिथल्या एका बाईची सही. ती सभा लवकर संपली.

सगळंच असं चांगलं नव्हतं. बाजारपेठेतल्या नगरपालिकेच्या गाळ्यांची भाडी जुन्या काळची होती, चहाच्या दोन खेपांचे पैसे महिन्याला. लेखापरीक्षकांनी आक्षेपावर आक्षेप घेतले होते. भाडं वाढवायची टिपणी मी तीनदा ठेवली. वहिनी प्रत्येक वेळी “पुढच्या सभेला बघू” म्हणाल्या. गाळेधारकांपैकी निम्मे त्यांच्या गिरणीचे गिऱ्हाईक होते. पाण्यासाठी पैसे नाहीत म्हणून मुंबईला धावायचं आणि हाताशी असलेलं उत्पन्न सोडून द्यायचं, हे मला पटलं नाही, अजून पटत नाही. विरोधी गटनेत्याचे स्वतःचे दोन गाळे होते, म्हणून तोही गप्प.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची लहान-मध्यम शहरांसाठी मोठी योजना आली. ऐंशी टक्के पैसे केंद्राचे, दहा राज्याचे, दहा नगरपालिकेचे. नव्या पाणीयोजनेचा प्रस्ताव करायचं ठरलं. ऐंशी आणि दहा ऐकून सभागृहानं टाळ्या वाजवल्या; उरलेल्या दहावर गाडी अडली. लोकवाटा उभा करायचा तर पाणीपट्टी वाढवावी लागणार, आणि निवडणुकीला वर्षही उरलं नव्हतं. वहिनींच्या पक्षाच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी निरोप पाठवला, विषय पुढं ढकला. वहिनींनी तो अजेंड्यावर घेतला, पहिल्या पानावर, ऐनवेळच्या विषयांत नव्हे. विरोधकांना वाटलं, ही आपण होऊन खड्ड्यात उतरतेय, उतरू द्या. त्यांच्यातल्या सहा जणांनी बाजूनं मत दिलं. ठराव झाला. राजकारणात काही चांगली कामं अशी दुसऱ्याच्या वाईट हेतूनं होतात.

२००६ मध्ये थेट निवडणूक बंद झाली होती. वहिनी वॉर्डातून उभ्या राहिल्या. प्रचारात पाणीपट्टीच्या पावत्या वाटल्या गेल्या, जुनी आणि नवी शेजारी शेजारी छापून. त्या पडल्या. योजना मंजूर होऊन, अडकून, ठेकेदार बदलून पूर्ण व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. टाकीच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर तेव्हाच्या अध्यक्षांचं, आमदारांचं, मंत्र्यांचं नाव आहे. वहिनींना निमंत्रणपत्रिका गेली होती. त्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. गिरणी आता त्यांची सून चालवते, पीठ चक्कीऐवजी पल्व्हरायझर आहे.

या खुर्चीवरून फार पुढं गेलेली माणसं आहेत. शिवराज पाटील १९६७ मध्ये लातूरचे नगराध्यक्ष होते; पुढं लोकसभेचे अध्यक्ष आणि देशाचे गृहमंत्री झाले. पण अशी उदाहरणं मोजकी. बहुतेक नगराध्यक्ष पाच वर्षांनी आपल्या दुकानात, वकिलीत, शेतात परत जातात, आणि नावामागं ‘माजी’ लावून लग्नपत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून राहतात.

२०२१ च्या अखेरीपासून आमच्या नगरपालिकेत कुणीच नव्हतं. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या आणि मुख्याधिकारीच प्रशासक झाले. सभागृहाला कुलूप. ठराव प्रशासक मांडणार, प्रशासकच मंजूर करणार, सूचक-अनुमोदकाची भानगड नाही. कामं झाली नाहीत असं नाही, काही झाली. पहाटे साडेपाचचा फोन मात्र कुणाला करायचा हे लोकांना कळेना. अखेर २ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची मतदानं लागली. काही ठिकाणची पुढं ढकलली गेली, मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. नगराध्यक्ष पुन्हा थेट.

आमचा नवा अध्यक्ष औषधांच्या दुकानाचा मालक, वय चाळिशीच्या आत. सत्काराचे हार उतरल्यावर पेढे घेऊन माझ्याकडं आला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, “काका, सुरुवात कशानं करू? स्वागत कमानी चांगल्या दिसतील का?”

मी विचारलं, “सभागृहात तुमचे किती?”

“चार कमी पडतात.”

“मग कमानी राहू द्या. पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची नस्ती मागवा. आणि गाळ्यांच्या भाड्यावरचे लेखापरीक्षणाचे आक्षेप.”

“गाळे?” तो जरा थांबला. “माझं दुकानपण नगरपालिकेच्याच गाळ्यात हाय, काका.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “म्हणून तोंडी मागू नका, लेखी मागवा.”